वाहणे आणि उचलणे : सागरी पवनचक्क्यांची उभारणी, फीडर नौका आणि अमेरिकेचा जोन्स कायदा

प्रस्तावना

समुद्रात पवनचक्की उभी करण्याच्या कामाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. मनोरा, जनित्र सामावणारी नॅसेल ही पेटी आणि तीन पाती हे अवजड सुटे भाग बंदरातून ठरलेल्या जागी नेणे हा पहिला भाग. आणि तेथे आधीच बसवलेल्या पायावर ते क्रेनच्या साहाय्याने एकावर एक चढवून जोडणे हा दुसरा. ही दोन्ही कामे एकाच जहाजाने करावीत, की माल वाहणारी नौका वेगळी आणि माल उचलणारे जहाज वेगळे असावे, हा प्रश्न वरकरणी निव्वळ अभियांत्रिकीचा वाटतो. दुसऱ्या पद्धतीत उभारणीचे महागडे जहाज समुद्रातच थांबते आणि बंदराकडून येणाऱ्या लहान नौका त्याला माल पुरवीत राहतात. या पुरवठा करणाऱ्या नौकांना फीडर नौका म्हटले जाते.

अलीकडच्या काळात या पद्धतीचा पुरस्कार प्रामुख्याने कार्यक्षमतेच्या नावाने केला जातो. उभारणीच्या जहाजाचा प्रत्येक दिवस मोलाचा असतो, तो बंदराच्या फेऱ्यांत का घालवावा, असा हा युक्तिवाद आहे. तो चुकीचा नाही. परंतु इतिहासक्रम पाहिला तर तो मागाहून आलेला आहे. पवनचक्क्यांच्या उभारणीत वाहणे आणि उचलणे यांची पद्धतशीर फारकत प्रथम अमेरिकेच्या किनाऱ्यावर झाली, आणि तिला कारण झाले ते १९२० सालच्या एका कायद्यातील एक कलम. आधी सक्ती आली, तिच्यातून पद्धत आली आणि पद्धत रुळल्यावर तिच्या लाभांचा हिशेब मांडला गेला. हा क्रम उलटा वाचला तर फीडर नौकांचे खरे गुणदोष ध्यानात येत नाहीत. प्रस्तुत लेखात या क्रमाचा मागोवा घेतला आहे.

युरोपातील एकजहाजी परंपरा

जगातील पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प डेन्मार्कमध्ये लोलांड बेटाजवळ विंडेबी येथे १९९१ साली उभा राहिला. ४५० किलोवॅटच्या ११ पवनचक्क्या, एकूण क्षमता सुमारे ५ मेगावॅट, आणि किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर अंतरावरचे उथळ पाणी असे त्याचे स्वरूप होते. पुढे २०१७ मध्ये तो मोडीत काढण्यात आला. या टप्प्यावर खास जहाजांची गरज कोणाला भासली नव्हती. बंदरबांधणीतील नेहमीची साधने पुरेशी होती.

प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो २००२ मध्ये हॉर्न्स रेव्ह येथे. जटलंडच्या पश्चिमेस, उघड्या उत्तर समुद्रात, २ मेगावॅटच्या ८० पवनचक्क्या बसवायच्या होत्या. ए-टू-सी या डॅनिश कंपनीने यासाठी दोन जुनी मालवाहू जहाजे घेतली, त्यांना प्रत्येकी चार पाय आणि एक क्रेन बसवली आणि 'सी एनर्जी' व 'सी पॉवर' या नावांनी ती कामाला लावली. हे पाय जहाजाला पाण्याबाहेर पूर्ण उचलून धरीत नसत, तळाला टेकून फक्त स्थैर्य देत. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मुळात माल वाहणाऱ्या जहाजालाच उचलण्याचे सामर्थ्य जोडले गेले. साहजिकच ते जहाज बंदरात जाई, पवनचक्क्यांचे भाग भरी, जागेवर येऊन बसवी आणि पुन्हा बंदराकडे वळे. चीनमधील शानहाइग्वान येथील गोदीत बांधलेले आणि २००३ मध्ये दाखल झालेले ब्रिटिश मालकीचे 'मेफ्लॉवर रिझोल्यूशन' हे पवनचक्क्या बसवण्यासाठीच मुद्दाम घडवलेले पहिले जहाज मानले जाते. त्याला सहा पाय होते आणि ते समुद्रतळावर पाय रोवून स्वतःला लाटांच्या वर उचलून घेई. पण कामाची रीत तीच राहिली. पुढील दशकात आलेली बहुतेक मोठी युरोपीय जहाजे याच वळणाची आहेत.

ही रीत टिकली याला सबळ कारण होते. जहाज पायांवर उभे राहिले की त्याची क्रेन आणि त्याची मालफळी ही दोन्ही एकमेकांच्या संदर्भात स्थिर होतात. लाट खालून जाते, वर काही हलत नाही. माल बंदराच्या शांत पाण्यात भरलेला असतो आणि तो स्वतःच्याच स्थिर फळीवरून उचलला जातो. हलत्या वस्तूवरून स्थिर जागी माल उचलण्याचा प्रसंग या साखळीत कोठेच येत नाही. फीडर पद्धतीत तो प्रत्येक भागाच्या वेळी येतो.

किनारी व्यापाराचा कायदा

अमेरिकेत देशाच्या दोन बंदरांमधील मालवाहतूक परकी जहाजांना बंद करण्याचे धोरण १८१७ पासूनचे आहे. पहिल्या महायुद्धात युरोपीय जहाजे काढून घेतली गेल्याने अमेरिकेच्या व्यापाराची कोंडी झाली आणि स्वतःचे व्यापारी नौदल हवे ही भावना बळावली. तिचे फलित म्हणजे ५ जून १९२० चा मर्चंट मरीन कायदा. त्याचे कलम २७ वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वेस्ली जोन्स यांच्या नावाने जोन्स कायदा म्हणून ओळखले जाते. अमेरिकेतील एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी समुद्रमार्गे जाणारा माल अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या, अमेरिकी ध्वज लावलेल्या आणि मुख्यत्वे अमेरिकी खलाशी असलेल्या जहाजानेच नेला पाहिजे, असा त्याचा आशय. या कलमाने अलास्काचा माल कॅनडातील व्हँकुव्हरऐवजी जोन्स यांच्या राज्यातील सिअॅटलकडे वळेल हे तेव्हाच अनेकांच्या लक्षात आले होते. अलास्काने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९२२ मध्ये ती फेटाळली गेली. प्रादेशिक स्वार्थ आणि राष्ट्रीय संरक्षण यांची अशी सरमिसळ या कायद्याच्या जन्मापासून आहे.

समुद्रात रोवलेली पवनचक्की हे 'अमेरिकेतील ठिकाण' ठरते का? किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक पाण्यात याचे उत्तर सरळ होकारार्थी होते. त्यापलीकडच्या सागरमंचावर अमेरिकी कायदे लागू करणारा कायदा १९५३ चा असून तो तेल व वायू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता; वाऱ्यापासूनची ऊर्जा त्यात बसते की नाही, याविषयीची संदिग्धता १ जानेवारी २०२१ रोजी संमत झालेल्या संरक्षणविषयक कायद्यातील दुरुस्तीने दूर केली. त्यानंतर काही आठवड्यांतच सीमाशुल्क विभागासमोर एक विलक्षण मुद्दा आला. पवनचक्कीचा पाया बसण्यापूर्वी तळाची धूप रोखण्यासाठी दगड अंथरतात. ते दगड परकी जहाजाने नेता येतील का? विभागाने जानेवारीत दिलेला निर्णय मार्चमध्ये बदलला. सुधारित निर्णयाचा अर्थ असा की, कोऱ्या समुद्रतळाला 'ठिकाण' म्हणता येत नाही, म्हणून दगडांचा पहिला थर परकी जहाज टाकू शकते. परंतु तो थर पडताच तेथे 'ठिकाण' निर्माण होते आणि दुसऱ्या थरासाठी अमेरिकी जहाज लागते. कायद्याच्या अर्थनिर्णयाचा इतका काटेकोर आणि इतका कोरडा नमुना क्वचितच पाहावयास मिळतो.

फीडर नौकांच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाचा निर्वाळा वेगळाच होता, आणि तो तेलउद्योगातील जुन्या निर्णयांतून चालत आला होता. कायदा बंदी घालतो ती वाहून नेण्यावर. एका जागी स्थिर उभ्या असलेल्या जहाजाने केवळ क्रेन फिरवून माल उचलला आणि ठेवला, तर ती वाहतूक ठरत नाही. म्हणजे परकी जहाजाने अमेरिकी बंदरात माल भरून समुद्रात न्यायचा नाही. पण ते समुद्रात उभे राहून दुसऱ्याने आणलेला माल चढवू शकते. 'वाहणे' आणि 'उचलणे' या दोन क्रियापदांमधल्या या फटीतून अमेरिकेतील फीडर पद्धत जन्माला आली.

ब्लॉक आयलंड, २०१६

ऱ्होड आयलंड राज्यातील ब्लॉक आयलंड या छोट्या बेटापासून सुमारे ५ किलोमीटरवर अमेरिकेचा पहिला व्यापारी सागरी पवनऊर्जा प्रकल्प उभारला गेला. ६ मेगावॅटच्या अवघ्या पाच पवनचक्क्या; एकूण ३० मेगावॅट. त्या बसवू शकेल असे एकही जहाज अमेरिकेत नव्हते. नॉर्वेच्या फ्रेड ओल्सेन समूहाचे 'ब्रेव्ह टर्न' हे पायांवर उभे राहणारे जहाज फ्रान्समधील सँ-नाझेर येथून पाचही नॅसेल घेऊन ऑगस्ट २०१६ मध्ये थेट प्रकल्पस्थळी आले. परदेशातून आलेला माल अमेरिकेत उतरवणे ही किनारी वाहतूक नव्हे, म्हणून नॅसेलच्या बाबतीत अडचण नव्हती. मनोऱ्यांचे भाग आणि पाती मात्र ऱ्होड आयलंडच्या बंदरात ठेवलेली होती. ती आणण्यासाठी मेक्सिकोच्या आखातातून अमेरिकी ध्वजाच्या लिफ्टबोटी बोलावण्यात आल्या.

लिफ्टबोट म्हणजे तळाला पाय टेकून स्वतःला पाण्यावर उचलणारी लहान स्वयंचलित नौका. लुइझियानातील लिन आणि ओरिन डीन या भावांनी १९५५ मध्ये अशी पहिली नौका बांधली, ती तेलविहिरींच्या देखभालीसाठी. ब्लॉक आयलंडला या नौका 'ब्रेव्ह टर्न'च्या शेजारी येऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहत. दोन्ही बाजू स्थिर, मग उचलणी. सक्तीतून आलेल्या या पद्धतीची पहिली पायरी तेलउद्योगाच्या पन्नाशी ओलांडलेल्या साधनावर उभी होती, हे नोंदवण्याजोगे आहे. प्रकल्पाच्या लोखंडी सांगाड्यांचे पायेदेखील लुइझियानातच घडवले गेले होते. डिसेंबर २०१६ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली.

पाच पवनचक्क्यांपुरते हे जमले. परंतु लिफ्टबोटीचे पाय आखाताच्या उथळ पाण्यासाठी बेतलेले, आणि तिची फळी लहान. ज्या पात्यांची लांबी शंभर मीटरच्या पुढे जाऊ लागली होती त्यांना ती अपुरी पडणार, हे उघड होते.

हॅलिफॅक्सचा वळसा

कायद्यातून सुटण्याचा आणखी एक मार्ग होता आणि तो २०२० मध्ये व्हर्जिनियाने चोखाळला. व्हर्जिनिया बीचपासून सुमारे ४३ किलोमीटरवर ६ मेगावॅटच्या दोन प्रायोगिक पवनचक्क्या बसवायच्या होत्या. यान दे नुल या कंपनीच्या 'व्होल ओ व्हाँ' या जहाजाने त्यांचे भाग अमेरिकी बंदरात न भरता कॅनडातील हॅलिफॅक्स येथे भरले आणि शेकडो सागरी मैल दक्षिणेस येऊन ते बसवले. मालाचा प्रवास परदेशातून सुरू झाल्यामुळे जोन्स कायदा पाळला गेला. फीडर नौका लागली नाही, हलत्या फळीवरून उचलण्याचा धोका पत्करावा लागला नाही.

या यशाकडे जरा थांबून पाहावयास हवे. अमेरिकी गोदी, अमेरिकी बंदर आणि अमेरिकी खलाशी यांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचे अक्षरशः पालन झाले आणि बंदरातले काम कॅनडाला मिळाले. व्हर्जिनियाचे बंदर समोर असताना मालाला परदेशातून यावे लागले. अमेरिकेच्या संसदेला साहाय्य करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने डिसेंबर २०२० च्या अहवालात पुढील प्रकल्पांसाठी दोन वाटा नोंदवल्या : अमेरिकेतच बांधलेले उभारणी जहाज, किंवा परकी उभारणी जहाज आणि अमेरिकी फीडर नौका. हॅलिफॅक्सचा वळसा दोन पवनचक्क्यांना परवडतो, साठ किंवा पावणेदोनशेंना नाही. टीका करणाऱ्यांनी कायद्याला दोष दिला आणि समर्थकांनी पळवाटेला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण फीडर नौकांच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद सांगता येते. या पद्धतीत निदान टग, बार्ज आणि त्यांवरील माणसे अमेरिकी राहिली, आणि बंदरही.

लाटेवरची देवघेव

मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड हे एके काळी देवमाशांच्या शिकारीचे प्रमुख बंदर होते. १९६६ मध्ये पूर्ण झालेला वादळरोधक बांध त्याच्या मुखाशी आहे आणि त्यातून जहाजांना ये-जा करण्यासाठी ठेवलेले दार सुमारे ४६ मीटर रुंद आहे. रुंद घेराच्या उभारणी जहाजांसाठी हे दार एरवीही अडचणीचेच. व्हिनयार्ड विंड या ६२ पवनचक्क्यांच्या, ८०६ मेगावॅटच्या प्रकल्पाने हेच बंदर निवडले. १३ मेगावॅटची एकेक पवनचक्की, १०७ मीटर लांबीचे एकेक पाते. बेल्जियमच्या डेमे समूहाचे 'सी इन्स्टॉलर' समुद्रात उभे राहिले आणि फॉस मॅरिटाइम या अमेरिकी कंपनीच्या बार्ज व टग यांनी बंदरातून भाग पुरवले. हे 'सी इन्स्टॉलर' मुळात ए-टू-सीचेच जहाज. ज्या कंपनीने हॉर्न्स रेव्हला मालवाहू जहाजाला क्रेन जोडली, तिच्याच जहाजाला वीस वर्षांनी अमेरिकेत माल वाहण्याची मनाई झाली. जानेवारी २०२४ च्या आरंभी येथील पहिली वीज जाळ्यात गेली. शेजारच्या साउथ फोर्क या १२ पवनचक्क्यांच्या प्रकल्पावर नेदरलँड्सच्या व्हान ओर्ड कंपनीचे 'एओलस' अशाच प्रकारे काम करीत होते. त्याला कनेटिकटमधील न्यू लंडनहून बार्ज माल पुरवीत. मार्च २०२४ मध्ये तो प्रकल्प पूर्ण झाला.

या दोन्ही ठिकाणी फीडर नौका म्हणजे पाय नसलेली, तरंगती बार्ज होती. येथेच पद्धतीचा खरा प्रश्न सुरू होतो. कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालत होत्या त्या काळी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू व माल पडावातून ने-आण होई. पडाव लाटेवर वर आला की नेमक्या क्षणी पाऊल टाकायचे, हे तेथील जुन्या माणसांना ठाऊक होते. शेकडो टनांच्या नॅसेलला असे पाऊल टाकता येत नाही. क्रेनने ताण घेतला आणि त्याच क्षणी बार्ज खाली गेली तर दोरखंडांवर एकाएकी भार येतो. उचललेला भाग फळीपासून पुरेसा वर जाण्याआधी बार्ज पुन्हा वर आली तर ती खालून आदळते. म्हणून समुद्र शांत होईपर्यंत थांबणे, अथवा हालचाल नाहीशी करणे, एवढेच पर्याय उरतात. नेदरलँड्समधील बार्ज मास्टर या कंपनीची यंत्रणा बार्जच्या हालचालीचे सतत मापन करून द्रवदाबाच्या दट्ट्यांनी वरची फळी उलट दिशेने हलवते, जेणेकरून माल जवळजवळ स्थिर राहतो. तरीही पात्यांसारख्या लांब आणि वाऱ्याला धरणाऱ्या भागांना मर्यादा राहतातच.

कार्यक्षमतेचा हिशेब या पार्श्वभूमीवर तपासावा लागतो. सोयीसाठी काही कल्पित आकडे घेऊ. एक जहाज फेरीला चार पवनचक्क्या नेते. बंदरात भरण्यास दोन दिवस, जाण्यायेण्यास एक दिवस आणि प्रत्येक उभारणीस एक दिवस धरला, तर सात दिवसांत चार पवनचक्क्या उभ्या राहतात आणि तीन दिवस उचलण्याखेरीज अन्य कामात जातात. फीडर नौका दिल्या तर हे तीन दिवस वाचतात. परंतु बार्ज शेजारी आणणे, बांधणे, लाट पाहून उचलणे यांमुळे प्रत्येक उभारणी दीड दिवसाची झाली, तर चार पवनचक्क्यांना सहा दिवस लागतात. वाचला एक दिवस. त्या आठवड्यात एक दिवस जरी समुद्र बार्जला न मानवणारा, पण पायांवर उभ्या जहाजाला चालण्याजोगा निघाला, तर तोही गेला. शिवाय एक बार्ज रिकामी होत असताना दुसरी भरून वाटेत असली पाहिजे, म्हणजे किमान दोन बार्ज आणि त्यांचे टग यांचा खर्च आला. बंदर दूर असेल तेव्हा तराजू फीडर नौकांकडे झुकतो. जवळ असेल तेव्हा नाही. बहुतेक पुरस्कर्त्यांच्या मांडणीत अंतराचा उल्लेख असतो, लाटेचा मात्र ओझरता असतो, ही त्यातील मोठी उणीव म्हणावी लागेल.

जहाजच बार्जसाठी बेतले तर

सक्तीने आलेल्या पद्धतीला मूळ आराखड्यात स्थान देण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाने केला. न्यूयॉर्कजवळच्या एम्पायर विंड प्रकल्पासाठी सिंगापूरच्या गोदीत जे जहाज बांधण्यास घेतले गेले, त्यात आलेली बार्ज जहाजालाच घट्ट जखडून घेण्याची योजना होती. बार्ज आणि टग अमेरिकेतील कर्बी कंपनीने पुरवावयाचे होते. बार्ज जहाजाशी एकजीव झाली की हलत्या फळीचा प्रश्नच उरत नाही. नेहमीच्या जहाजांच्या तुलनेत ३० टक्के अधिक कार्यक्षमतेचा दावा कंपनीने केला. कंपनीचाच दावा असल्याने तो तेवढ्याच सावधगिरीने घ्यावा, परंतु विचाराची दिशा योग्य होती. १९२० चा कायदा आता जहाजाच्या आराखड्यातच उतरला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये, जहाज जवळजवळ पूर्ण झाले असताना, मेर्स्कच्या कंपनीने सुमारे ४७.५ कोटी डॉलरचा हा करार रद्द करण्याची नोटीस दिली.

दुसऱ्या वाटेनेही काही सुख लाभले नाही. व्हर्जिनियाच्या डोमिनियन कंपनीने टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे 'कॅरिब्डिस' हे अमेरिकेत बांधलेले पहिले उभारणी जहाज घडवण्यास घेतले. डिसेंबर २०२० मध्ये त्याचा कणा बसवला गेला तेव्हा अंदाज सुमारे ५० कोटी डॉलरचा होता. तो पुढे ७१.५ कोटींवर गेला आणि जहाज २०२५ मध्ये हाती आले. १७६ पवनचक्क्यांच्या प्रकल्पासाठी ते स्वतःच बंदरातून माल भरते, स्वतःच उचलते. म्हणजे अमेरिकेने एवढा खर्च करून मिळवले ते युरोपातील हॉर्न्स रेव्हपासूनची एकजहाजी रीत.

किनारी व्यापाराचे संरक्षण सर्वत्र असाच परिणाम करते असे नाही. जपानचा १८९९ चा जहाजविषयक कायदाही देशांतर्गत वाहतूक परकी ध्वजाला बंद करतो. पण तेथे जहाज देशातच बांधलेले असावे अशी अट नाही. त्यामुळे २०२२ मध्ये सुरू झालेल्या अकिता-नोशिरो प्रकल्पासाठी 'झारातान' हे परदेशात बांधलेले जहाज जपानी ध्वजाखाली आणता आले. अमेरिकेत ध्वज बदलून भागत नाही. फीडर नौकांची गरज निर्माण झाली ती ध्वजाच्या अटीपेक्षा बांधणीच्या अटीमुळे, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

भारतात १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने आणि त्यानंतर २०२५ च्या किनारी जहाजवाहतूक कायद्याने परकी जहाजाला परवाना घेऊन किनारी काम करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्यामुळे गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्या उभारताना अमेरिकेसारखी कायदेशीर सक्ती उद्भवण्याचे कारण नाही. तेथे फीडर नौका वापरायच्या की नाही, हे बंदराचे अंतर, पावसाळ्यातील समुद्र आणि जहाजांची उपलब्धता यांवरच ठरेल. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या दोन प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांतील ६,८५३ कोटी उभारणीसाठी आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. जाहीर झालेल्या तपशिलात जहाजांसाठी वेगळी रक्कम दिसत नाही.